दुपदरी माप

पत्र आलं तेव्हा मास्तरांच्या तोंडात चार टाचण्या होत्या, म्हणून त्यांना लगेच काही बोलता आलं नाही. समोर एक गिऱ्हाईक कोटाची बाही टाचून घेत उभं होतं. टपालवाल्यानं पाकीट कापायच्या टेबलावर टाकलं, त्यावरचा पालिकेचा शिक्का मास्तरांनी चष्म्याच्या वरून पाहिला, आणि हातातली पाचवी टाचणी सरळ गिऱ्हाइकाच्या दंडात गेली.

"अहो मास्तर, बाहीत अजून मी आहे!" गिऱ्हाईक ओरडलं.

पालिकेच्या घरासाठी मास्तरांनी अर्ज केला त्याला नऊ वर्षं झाली होती. आता नंबर लागला होता. तिसरा मजला, दोन खोल्या. सात दिवसांत होकार कळवायचा, नाहीतर नाव यादीच्या शेवटी जाणार. शेवटी म्हणजे आणखी नऊ वर्षं धरा. मास्तर बासष्टचे होते. एकाहत्तराव्या वर्षी आपल्याला सुईत दोरा ओवता येईल का, याचीच त्यांना खात्री नव्हती.

तशी राहत्या घराबद्दल तक्रार करायला जागा नव्हती. रस्त्यालगतच्या तळमजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत कापायचं टेबल, मशीन आणि खिडकीशी मास्तरीणबाईंची खुर्ची. मास्तर कापत आणि शिवत, बाई काजं, बटणं, तुरपाई करत आणि मापांची वही सांभाळत. मालक वरच्या मजल्यावर राहत. करार अकरा महिन्यांचा. गेली सतरा वर्षं दर अकराव्या महिन्यात मालक जिन्यात खाकरत, आणि ते खाकरणं ऐकलं की मास्तरांचं मशीन आपोआप थांबे. दर वेळी मालक म्हणत, "राहा हो, मी काय म्हणतोय?" आणि मशीन पुन्हा सुरू होई. पण त्याआधी तीन बिऱ्हाडं मोडली होती. एक घर विकलं गेलं, एकात मालकाची मुलगी राहायला आली, एकावरून रस्ता गेला. तिन्ही वेळा ते अवाढव्य टेबल चार माणसांच्या डोक्यावरून गेलं होतं. आता एकदाच हलायचं, आणि जिथे जाऊ तिथून पुन्हा कुणी उठ म्हणू नये, एवढंच मास्तरांना हवं होतं.

"दुधानं तोंड पोळलेलं आहे आपलं," ते बायकोला म्हणाले. "ताक फुंकून प्यायचं. मी आधी बघून येतो, तिथे माणसं कशी राहतात ते."

"माणसं कशी राहतात ते तुम्हाला कोण सांगणार?" बाई म्हणाल्या. "तुम्ही तर दुकानदाराला भाव विचारायला लाजता."

मास्तर लाजाळू होते हे खरं, पण त्यांचं कुतूहल मोठं चिवट होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेच्या इमारतीसमोर जाऊन उभे राहिले आणि कुणाला काही न विचारता वाळत घातलेले कपडे वाचू लागले. इमारत पाच मजली, राखाडी, प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी, आणि गॅलरीभर दोऱ्या. दुसऱ्या मजल्यावर एक शाळेचा स्कर्ट होता. त्याच्या खालच्या काठाला दोन गडद पट्टे दिसत होते, म्हणजे तो दोनदा उसवून वाढवला होता. ती पोर इथेच उंच झाली. चौथ्या मजल्यावर एका शर्टाची कॉलर उलटून पुन्हा शिवली होती, आणि तीही चांगल्या हातानं. खिडक्यांतले पडदे खिडक्यांच्या मापाचे होते! मास्तरांना हे फारच नवलाचं वाटलं. त्यांच्याकडे पडदे शिवायला येणारे भाडेकरू हमखास सांगत, "मास्तर, कापू नका, आत दुमडा. पुढच्या घराची खिडकी कोणी बघितलीय?"

"काय हवंय काका?" गॅलरीतून एका माणसानं विचारलं.

"काही नाही, धुणं बघतोय," मास्तर म्हणाले, आणि आपण काय बोललो हे ध्यानात येताच कान लाल करून घरी आले.

घर दाखवायला पालिकेच्या कार्यालयातल्या, अर्जांच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई स्वतः आल्या. हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि त्यांना अशीच आणखी चार घरं दाखवायची होती. "दहा मिनिटं," त्यांनी दार उघडतानाच बजावलं.

मास्तर आत शिरले, मागोमाग मास्तरीणबाई. रिकामी खोली, चुन्याचा वास, उजेड भरपूर. मास्तरांनी वाटेत प्रश्नांची यादी पाठ केली होती.

"भिंतीला खिळा मारता येतो का?"

खिडकीवरच्या बाईंनी नियमांची पुस्तिका चाळली. "खिळ्याचा उल्लेख नाही."

"म्हणजे येतो?"

"म्हणजे उल्लेख नाही."

"आणि शिलाई मशीन?"

"बाहेर पाटी लावायची नाही. घरात हातकाम चालतं. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर बघू."

"नाही केली तर?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"मग आम्हाला कळणार कुठून?" खिडकीवरच्या बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच जरा हसल्या.

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. टेबल बसतं की नाही, यावर सगळं अवलंबून होतं. टेबल गेलं तर धंदा गेला. ते सहा फुटांवर लांब आणि चार फुटांना थोडं कमी रुंद होतं, आणि कोटाचं कापड बेतायचं तर दोन्ही बाजूंनी फिरता आलं पाहिजे. मास्तर गुडघ्यांवर रांगत भिंतीकडून भिंतीकडे टेप सरकवत आकडे पुकारू लागले आणि मास्तरीणबाई मापांच्या वहीत टिपत गेल्या, दुकानात टिपत तशाच. आकडा तोंडातून गेला की मास्तरांच्या डोक्यातूनही जाई. एका गिऱ्हाइकाची छाती डोक्यात ठेवून दुसऱ्याची कंबर घेता येत नाही, असं ते म्हणत.

घरी आल्यावर त्यांनी खडू घेतला, मशीन बाजूला सरकवलं आणि वहीत बघून पुढच्या खोलीच्या जमिनीवर नवी खोली आखली. आखून उभे राहिले तर पायाशी एक बोगदा होता. लांबी ठीक, पण रुंदी अवघी सहासष्ट इंच. टेबल ठेवलं की दोन्ही बाजूंना मिळून एकवीस इंच उरत होते.

"एवढी अरुंद वाटली नव्हती गं," ते म्हणाले.

"वहीत आहे ते आहे," बाई म्हणाल्या. त्या काजं करत होत्या.

एवढ्यात जिन्यात खाकरणं झालं आणि मालक दारात आले. जमिनीवरच्या रेघा बघून ते उंबऱ्यातच थबकले. "मास्तर, माझी जमीन बेतताय की काय?"

मास्तरांनी चाचरत सगळं सांगितलं. मालक रेघांभोवती फिरले, एक पाऊल आत टाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे घर आहे का पायमोजा? यात टेबल ठेवलं तर तुम्हाला गॅलरीतून कात्री चालवावी लागेल."

"तिथे असताना मोठी वाटली होती."

"रिकामी खोली मोठीच वाटते! मी घर दाखवताना कधी सामान ठेवतो का?" मालक मोकळेपणानं म्हणाले. "हे बघा, अकरा महिन्यांचं सोडा, तीन वर्षांचा कागद करू. मलाही नवा भाडेकरू शोधायचा म्हणजे ताप. तुम्ही सतरा वर्षांत भिंतीला एक खिळा मारला नाहीत."

तीन वर्षं! मालक वर गेल्यावर मास्तर पुन्हा रेघांकडे बघत राहिले. डोळे सांगत होते की खोली मोठी होती. पण उमेदवारीच्या काळात एकदा त्यांनी वही न बघता, नजरेच्या भरवशावर एका जाड्या गृहस्थाचा कोट बेतला होता, आणि तो शेवटी त्या गृहस्थाच्या मेव्हण्याला द्यावा लागला होता. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता. आपली नजर खोटी, वही खरी. त्यांनी नकाराचं पत्र लिहिलं, दोन वेळा फाडलं, तिसऱ्यांदा पाकिटात घातलं.

सहाव्या दिवशी ते पत्र देण्यासाठी निघाले. पालिकेचं कार्यालय इमारतीच्या पलीकडच्या चौकात होतं. इमारतीखालून जाताना त्यांचे पाय रेंगाळले. दोऱ्या भरलेल्या होत्या, गॅलरीत कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. साडेपाच फुटांच्या बोगद्यात माणसं राहतात तरी कशी? हे न कळता नकार द्यायचा म्हणजे गोष्ट शेवटच्या पानाआधी मिटवून ठेवण्यासारखं होतं. मास्तर जिना चढले.

तिसऱ्या मजल्यावर, त्यांना दाखवलेल्या घराच्या शेजारचं दार उघडं होतं. बस चालवणाऱ्या बाईचं ते घर. ती गणवेशातच दाराशी खुर्ची टाकून चहा पीत होती.

"माफ करा," मास्तर म्हणाले. जिना चढताना जुळवलेलं वाक्य राहिलं आणि भलतंच बाहेर आलं. "तुम्ही पलंग कुठे ठेवता?"

बसवाली बाई कपावरून बघत राहिली. "काका, ड्युटीवरून आत्ता आलेय. जरा सावकाश विचारा."

मास्तरांनी शेजारचं घर, टेबल, एकवीस इंच, सगळं एका दमात सांगितलं. बाईला त्यातलं निम्मं कळलं असावं. "सगळी घरं एकाच मापाची आहेत," ती म्हणाली. "या, आत येऊन बघा."

मास्तर आत गेले आणि उभेच राहिले. जेवणाचं टेबल, चार खुर्च्या, एक सोफा, भिंतीशी सायकल, आणि मधल्या मोकळ्या जागेत ते स्वतः. त्यांनी काही न बोलता टेप काढली, एक टोक बसवाल्या बाईच्या हातात दिलं आणि दुसऱ्या भिंतीपर्यंत गेले. एकशे बत्तीस इंच.

एकशे बत्तीस. त्याचं निम्मं सहासष्ट.

मास्तर सोफ्यावर बसले आणि हसायलाच लागले, खांदे हलवत.

"काय झालं?"

"अहो, आम्ही कापड दुपदरी घालून कापतो," ते डोळे पुसत म्हणाले. "घडी घातलेल्या कापडावर निम्मं आखलं की उघडल्यावर पूर्ण होतं. म्हणून लांबीचं माप आहे तसं लिहायचं आणि आडवं माप निम्मं. छाती चाळीस पुकारली की आमची ही वीस लिहिते. चौतीस वर्षं हात तसाच चालतोय. मी खोलीची रुंदी पुकारली..."

"आणि बाईंनी खोलीचा शर्ट बेतला!"

"बेतला. आणि मी जमिनीवर आखला. जमिनीला काही घडी नसते, हे माझ्याही डोक्यात आलं नाही."

आता आत आलोच आहोत तर मास्तरांनी उरलेले प्रश्नही विचारून घेतले. नळ बिघडला तर? "अर्ज करायचा. सहा आठवड्यांनी माणूस येतो." मास्तर म्हणाले, "आमचा मालक त्याच दिवशी स्वतः पाना घेऊन येतो आणि गळती दुप्पट करून जातो." लिफ्ट? "आहे. तिची मर्जी असेल तेव्हा चालते."

"आणि इथून कुणी उठवतं का?"

बसवाल्या बाईनं कप खाली ठेवला. "एकवीस वर्षं आहे मी इथे, कुणी काही म्हणालं नाही. पण आई गेली ना, तेव्हा चांगलीच पळापळ झाली. घर तिच्या एकटीच्या नावावर. माझ्या नावावर होईपर्यंत चार महिने गेले. रोज ड्युटीवरून येताना वाटायचं, दाराला कुलूप दिसणार."

मास्तरांनी मान हलवली, पण लक्ष निम्मं मापांतच होतं. नकाराचं पाकीट त्यांनी जिन्यातच फाडलं आणि जवळजवळ धावतच घर गाठलं.

"अगं, खोली दुप्पट आहे!" दारातूनच ते म्हणाले. "तू रुंदी निम्मी लिहिलीस!"

मास्तरीणबाईंनी मान वर केली नाही. "माहीत आहे मला."

"माहीत आहे? कधीपासून?"

"परवापासून. खडूच्या रेघा पुसताना लक्षात आलं."

मास्तर खुर्चीवर बसले. हे मात्र त्यांच्या कोणत्याच हिशेबात नव्हतं. "आणि मी नकार द्यायला निघालो तरी तू गप्प?"

"उद्याचा एक दिवस शिल्लक होता. नकार दिला असतात तर मी जाऊन सांगितलं असतं, की मापात चूक झाली. पण तोवर मला विचार करायचा होता."

"तिसरा मजला म्हणून का? गुडघ्यांमुळे?"

"गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघेन." बाईंनी दोरा दातानं तोडला, उठून फडताळातून पालिकेचं पत्र काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "यात माझं नाव दाखवा."

मास्तरांनी पत्र वरून खाली वाचलं. अर्जदार म्हणून त्यांचं नाव होतं. खाली एक ओळ होती. "हे काय, 'कुटुंबातील व्यक्ती दोन' लिहिलंय की."

"हो. त्या दोनांतली मी एक. तुम्ही गेल्यावर जी एक उरेल तिला नाव नको?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "आमच्या ताईचं काय झालं आठवतं ना? घर भावोजींच्या नावावर. ते गेले आणि महिन्याच्या आत तिला बोचकं घेऊन बाहेर पडावं लागलं. इथे निदान मालक मला चेहऱ्यानं ओळखतो. मी एकटी राहिले तर जिन्यात खाकरेल, पण कुलूप नाही लावणार."

मास्तरांना बसवाली बाई आठवली, तिचे चार महिने आठवले. ते ऐकताना आपण मान हलवली होती, आणि आपल्या घरातलं माणूस आपल्याला दिसलं नव्हतं. कुणी पुन्हा उठ म्हणू नये हे नऊ वर्षं ते घोकत होते, ते एकट्यासाठीच घोकत होते की काय?

"मग मालकालाच विचारू," ते म्हणाले.

"मीच विचारते."

बाईंनी जिन्याखाली उभं राहून हाक मारली. मालक चष्मा पुसत खाली आले. बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, "तीन वर्षांच्या कागदावर माझंही नाव घालाल? हे गेले तर मला राहता येईल असं?"

मालक गडबडले. "काहीतरीच काय वहिनी! मास्तर ठणठणीत आहेत."

"ते असतील. कागदाचं बोला."

मालकांनी मास्तरांकडे पाहिलं, मग छताकडे. माणूस खोटं बोलणारा नव्हता, म्हणून त्याला वेळ लागला. "कागद एकाच्याच नावानं करतो मी. वडिलांपासून तसंच आहे. पण मी आहे तोवर तुम्हाला कोण हात लावतंय?"

"आणि तुमच्यानंतर?"

"माझ्यानंतरचं मुलाला विचारा," मालक कसंनुसं हसले. "तो मला तरी कुठे विचारतो?"

ते वर गेले. बाईंनी पालिकेचं पत्र घडी करून परत फडताळात ठेवलं. मग म्हणाल्या, "उद्या हाच प्रश्न तिकडे विचारायचा. तिथेही नाही म्हणाले, तर इथेच बरे. निदान इथली माणसं माझ्या ओळखीची आहेत."

सातव्या दिवशी कार्यालय उघडलं तेव्हा दोघं पायरीवर उभे होते. खिडकीवरच्या बाईंनी त्यांना ओळखलं. "खिळेवाले ना? काय ठरलं?"

"आधी एक सांगा," मास्तरीणबाई पुढे झाल्या. मास्तर त्यांच्या मागे उभे राहिले. "घर दोघांच्या नावावर होतं का?"

"होतं ना. त्याचा वेगळा फॉर्म आहे."

"मग पत्रासोबत का नाही पाठवला?"

"कुणी मागत नाही," खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, आणि स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या फळीवर शोधू लागल्या. धूळ उडाली, दोन फायली खाली आल्या, मास्तरांनी त्या उचलून दिल्या. शेवटी पिवळट कागदांचा एक गठ्ठा सापडला. "दोघांपैकी एक गेलं तर दुसऱ्याचा ताबा तसाच राहतो, पुन्हा अर्ज लागत नाही. अर्जदाराची संमती हवी."

"अर्जदार, संमती आहे का?" बाईंनी मागे न वळता विचारलं.

"आहे," मास्तर म्हणाले, आणि मग वाटलं की एवढं पुरेसं नाही. "नऊ वर्षं उशिरा आहे, पण आहे."

दोन्ही कागद खिडकीत आले. होकाराच्या कागदावर मास्तरीणबाईंनी तळहात ठेवला. "हा नंतर. आधी तो दुसरा. त्यावर शिक्का पडू दे."

"अहो, माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर आहे. पण तुमचीही कधीतरी बदली होईल."

खिडकीवरच्या बाईंनी शिक्का काढून टेबलावर ठेवला. त्यांनी पेन पुढे केलं. मास्तरीणबाईंनी पिवळट कागद जवळ ओढला आणि त्या सही करायला वाकल्या. मास्तर टाचा उंच करून त्यांच्या खांद्यावरून बघू लागले. चौतीस वर्षं त्यांनी बायकोचे आकडे पाहिले होते, हजारो लोकांच्या छात्या, कमरा आणि बाह्या तिच्या अक्षरात वाचल्या होत्या. तिची सही कधी पाहिल्याचं मात्र त्यांना आठवेना. ती कशी असेल?

ती मोठी होती. पूर्ण नाव, मग वडिलांचं, मग मास्तरांचं आडनाव, एकही अक्षर न आखडता. आडनावाशी आल्यावर कागदावरची चौकट संपली.

"चौकटीच्या बाहेर जातंय, बाई," खिडकीतून सूचना आली.

"मग बाहेर जाईल," मास्तरीणबाई म्हणाल्या, आडनाव पुरं केलं, आणि शिक्का पडेपर्यंत दुसऱ्या कागदावरचा हात काही उचलला नाही.